प्याद्याचा फर्जी आणि जन्माची मर्यादा

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ साली अमेरिकेत निघाला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे त्याचे कर्ते. चार-सहा जण टेबलाभोवती बसतात, प्रत्येक जण एक पात्र घेतो, एक जण गोष्ट सांगतो आणि फासे टाकून गोष्ट पुढे सरकते. पात्र घेताना आधी त्याचा ‘क्लास’ ठरवावा लागतो. क्लास म्हणजे त्याचे काम, त्याचा पेशा. पहिल्या पुस्तकात असे तीनच क्लास होते: लढवय्या, जादूगार आणि धर्मगुरू. पुढच्याच वर्षी चोर आला. आज मोबाईलवर खेळणारी आपली पोरे ‘टँक’, ‘हीलर’ असे शब्द वापरतात, त्यांचे मूळ या टेबलावर आहे.

खेळ बनवणाऱ्यापुढे पहिल्या दिवसापासून एक प्रश्न होता. वेगवेगळी कामे असलेली माणसे एका टेबलावर बसवायची, तर कोणी फार मोठा आणि कोणी निव्वळ हमाल होऊ नये, हे कसे साधायचे? या प्रश्नाला तोलाचा प्रश्न म्हणू. तो अमेरिकेतला वाटतो, पण त्याचा हिशेब आपल्या इतिहासात हजार वर्षांपूर्वीच मांडलेला आहे.

शतरंज घ्या. बगदादचे उस्ताद अल-आदिली (९वे शतक) आणि अस-सूली (१०वे शतक) यांच्या परंपरेत मोहऱ्यांची किंमत दिरहमात सांगितली जाई. रुख, म्हणजे आपला हत्ती, एक दिरहम. घोडा दोन-तृतीयांश. फर्जी साधारण एक-तृतीयांश. फील चौथाई. फर्जी म्हणजे आपला वजीर, आणि त्याची किंमत घोड्याच्या निम्मी! कारण त्या काळी तो तिरपे एकच घर चाले. फील तिरपी दोन घरे उडी मारी, त्यामुळे ६४ पैकी फक्त ८ घरांवरच तो कधी पोहोचू शके. आजचा बलाढ्य वजीर १५व्या शतकाच्या अखेरीस युरोपात घडला.

अल-बिरुनीने १०३०च्या सुमारास हिंदुस्थानावर ग्रंथ लिहिला, त्यात इथल्या चौघांनी खेळायच्या बुद्धिबळाचे वर्णन आहे. तिथे फासे टाकत आणि मोहऱ्यांना गुण असत: राजा ५, हत्ती ४, घोडा ३, रुख २, प्यादे १. म्हणजे कोणाचे बळ किती, हे आकड्यात मांडायची रीत आपल्याकडे तेव्हाही होती.

इथे फाशांचा प्रश्न येतो. नर्दशीर या फाशांच्या खेळाची मनाई ‘सहीह मुस्लिम’मधल्या हदीसमध्ये आहे. शतरंजबद्दल मात्र फुकहांत मतभेद राहिले. हनफी उलमांचा कल मनाईकडे, तर शाफई मजहबात पैज नसेल तर तो मकरूह, हराम नव्हे, असे मत दिसते. नशिबावर चालणारा खेळ आणि अकलेवर चालणारा खेळ यांत फरक करायचा प्रयत्न त्या चर्चेत सतत आहे. तोलाचा प्रश्नही शेवटी हाच नाही का? माणसाला नशिबाने काय मिळाले आणि त्याने स्वतः काय कमावले, यांतला फरक.

आता गंजिफा. बाबराने १५२७ साली गंजिफाचे पत्ते सिंधला पाठवल्याची नोंद ‘बाबरनामा’त आहे. अबुल फजलने ‘ऐन-ए-अकबरी’त अकबराच्या गंजिफाचे वर्णन केले. याच ग्रंथात आपल्या वऱ्हाड सुभ्याचाही हिशेब आहे. गाविल आणि नरनाळा सरकारांचा महसूल जिथे मोजला, तिथेच पत्त्यांचे नियमही लिहिले. मुघल गंजिफात आठ रंग, प्रत्येकात १२ पत्ते, एकूण ९६. प्रत्येक रंगाला एक मीर, एक वजीर आणि १ ते १० आकडे.

चार रंग जोरदार: ताज, सफेद, शमशेर आणि गुलाम. चार कमजोर: चंग, सुर्ख, बरात आणि किमाश. जोरदार रंगांत वजिराखाली दश्शी मोठी, एक्का सर्वांत लहान. कमजोर रंगांत हे उलटते: वजिराच्या खाली लगेच एक्का आणि दश्शी तळाला. शिवाय दिवसा खेळाची सुरुवात सुर्खचा मीर ज्याच्याकडे असेल त्याने करायची, रात्री सफेदचा मीर असेल त्याने. सुर्ख कमजोर रंगातला, तरी दिवसाचा पहिला मान त्याचा. आणि जोरदार चौघांत तलवार आणि मुकुट यांच्या रांगेत गुलाम बसलेला.

बरात, म्हणजे दस्तऐवजांचा रंग. त्याच्या आकड्यांवर अबुल फजल कारागीर दाखवतो: कागद बनवणारा, फर्मान लिहिणारा, जिल्दसाज, रंगरेज. मीर हुकूम देतो, पण तो कागदावर उतरवायला ही सगळी माणसे लागतात, हे त्या पत्त्यांच्या जोडात सरळ दिसते. सावंतवाडीची चित्रित गंजिफा आजही बनते. तिथे दशावतारांचे दहा रंग आहेत, १२० पत्ते. धर्म बदलला, रचना तीच राहिली.

आता परत १९७४कडे येऊ. गायगॅक्सने तोल साधला तो दोन मार्गांनी. पहिला मार्ग मेहनतीचा. दुसऱ्या पायरीवर जायला लढवय्याला २,००० अनुभव-गुण लागत, जादूगाराला २,५००, धर्मगुरूला १,५००. जादूगार सुरुवातीला दुबळा आणि शेवटी भारी, म्हणून त्याची वाट लांब. हे पटण्यासारखे आहे.

दुसरा मार्ग जन्माचा. पात्र माणूस असेल तर कितीही चढू शके. पण बुटका ‘ड्वार्फ’ असेल तर फक्त लढवय्या, तोही सहाव्या पायरीपर्यंत. ‘हॉबिट’ असेल तर चौथ्यापर्यंत. कितीही पराक्रम करा, पुढे दार बंद. कारण काय दिले? तोल! त्यांना जन्मतः काही खास गुण मिळतात, म्हणून त्यांची मर्यादा. ही मर्यादा २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत निघाली, तेव्हा २६ वर्षे झाली होती.

त्याच आवृत्तीत सर्व क्लासांची अनुभवाची वाटही एकच झाली, आणि जादूगार फार पुढे गेल्याची तक्रार वाढली. मग २००८च्या चौथ्या आवृत्तीत सगळ्या क्लासांना जवळपास एकच साचा दिला. तोल आला, पण सगळे सारखेच वाटतात अशी ओरड झाली. २०१४च्या आवृत्तीत पुन्हा वेगळेपण आणले. म्हणजे समतोल आणि सारखेपणा या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे समजायला त्यांना बरीच वर्षे लागली. गंजिफातले आठ रंग सारखे नाहीत, तरी प्रत्येकाला डाव आहे.

दर्यापुरातून अचलपूर फार लांब नाही. तिथली इमादशाही १४९०मध्ये फतहुल्लाह इमाद-उल-मुल्कने उभी केली. तो जन्माने विजयनगरच्या मुलखातला कन्नड ब्राह्मण, लढाईत लहानपणी पकडला गेला, मुसलमान म्हणून वाढला, बहमनींच्या चाकरीत चढत वऱ्हाडचा सुभेदार झाला. मलिक अंबर हबशी, गुलाम म्हणून अनेकदा विकला गेलेला; निजामशाहीचा कारभार त्याच्या हाती आला. प्याद्याचा फर्जी होतो म्हणतात तो असा. त्यांना चौथ्या पायरीवर कोणी थांबवले असते, तर दख्खनचा इतिहास वेगळा लिहावा लागला असता.

आणि तरीही आपल्या घरांत काय चालते? बागवान, कुरेशी, मन्सुरी, अत्तार, तांबोळी हे मुळात पेशे, म्हणजे क्लासच. पण निकाहाची बात निघाली की तोच क्लास जन्म होऊन बसतो. पोरगी डॉक्टर झाली, पोरगा इंजिनिअर झाला, तरी पहिला सवाल ‘बिरादरी कोणती?’ मशिदीत एका सफेत उभे राहतो, रिश्त्याच्या बैठकीत सफ मोडते. कारण विचारले तर ‘जोड जुळली पाहिजे’ म्हणतात. म्हणजे पुन्हा तोल!

खेळाच्या पुस्तकातून ही अट काढायला २६ वर्षे पुरली. तिथे एक आवृत्ती छापली की काम झाले. आपली आवृत्ती आपल्यालाच, आपापल्या घरात छापावी लागणार आहे, आणि पुढचा रिश्ता बोलायला बसाल तेव्हा ती संधी असेल.