जलतरणपटूची साक्ष : जेम्स काउन्सिलमन यांच्या कार्याचा विचार

मंठा तालुक्यासारख्या मराठवाड्यातील विहिरींच्या मुलखात पोहणे शिकविण्याची रीत शब्दांवर फारशी विसंबून नसते. पाठीला वाळका भोपळा किंवा पत्र्याचा बंद डबा बांधावा, कमरेला दोर लावावा, आणि काठावरच्या वडीलधाऱ्याने 'हात मार, पाय हलव' एवढेच सांगावे. शिकविणाऱ्याचा अधिकार एकच : तो स्वतः पोहतो. स्पर्धात्मक जलतरणात निवृत्त खेळाडूकडे प्रशिक्षकपद सोपविताना बहुधा हाच अधिकार गृहीत धरला जातो. परंतु उत्तम पोहणाऱ्याला आपण कसे पोहतो हे ठाऊक असते काय? अमेरिकन प्रशिक्षक जेम्स काउन्सिलमन यांचे चरित्र इतिहासाच्या अभ्यासकाने पाहावे ते या प्रश्नासाठी. प्रत्यक्ष कर्त्याची साक्ष कितपत ग्राह्य धरावी, हा मुळात इतिहासाचाच प्रश्न होय.

काउन्सिलमन यांचा जन्म १९२० चा. ओहायो राज्य विद्यापीठाकडून पोहत असताना त्यांनी ब्रेस्टस्ट्रोक प्रकारात १९४२ चे राष्ट्रीय विजेतेपद मिळविले. दुसऱ्या महायुद्धात ते बाँबफेकी विमानाचे वैमानिक होते. युद्धानंतर त्यांनी आयोवा येथे डॉक्टरेट संपादन केली आणि १९५७ पासून १९९० पर्यंत इंडियाना विद्यापीठात प्रशिक्षकपद सांभाळले. १९६८ ते १९७३ या काळात त्यांच्या संघाने सलग सहा आंतरविद्यापीठीय विजेतेपदे मिळविली. म्यूनिक येथे १९७२ मध्ये सात सुवर्णपदके जिंकणारे मार्क स्पिट्झ हे त्यांचेच शिष्य.

ही यशावळी प्रसिद्धच आहे. अधिक महत्त्वाची आहे ती त्यांची पद्धती. श्रेष्ठ जलतरणपटूंना आपल्या हाताची गती नेमकी सांगता येत नाही, असे त्यांना वारंवार आढळले. म्हणून त्यांनी सांगण्याऐवजी पाहण्याचा मार्ग धरला. पाण्याखालून चित्रण तर त्यांनी केलेच. पुढे पोहणाऱ्याच्या बोटांना उघडझाप करणारे दिवे बांधून अंधाऱ्या तलावात छायाचित्रे घेतली. त्या प्रकाशबिंदूंच्या माळेवरून दिसले ते असे की, हात सरळ मागे जात नाही. तो वल्ह्यासारखा आडवा-तिरपा वळतो. येथे शिकविणारा स्वतः माजी विजेता होता, ही गोष्ट लक्षात घ्यावयास हवी. शिष्यांच्या साक्षीबरोबर त्याने आपल्या देहाच्या स्मृतीलाही अपुरे ठरविले. असा त्याग फार थोड्या निवृत्त खेळाडूंना साधतो.

अर्थात हाताच्या या वळणाचे त्यांनी दिलेले स्पष्टीकरण अंतिम ठरले नाही. १९७१ मध्ये त्यांनी विमानाच्या पंखाला लागू पडणारे उचल-तत्त्व हाताला लावले. वैमानिकाला हे सुचावे यात नवल नाही, अशी कल्पना करण्याचा मोह होतो. पण तो आवरलेला बरा. पुढील संशोधकांनी या उपपत्तीवर आक्षेप घेऊन पाण्याच्या रोधाला अधिक महत्त्व दिले. चित्रे मात्र पुराव्यादाखल राहिली, आणि त्यांच्याच आधारे वाद चालू शकला.

वादाची ही सूक्ष्मता निरर्थक वाटत असेल, तर कोल्हापूरचे वीरधवल खाडे यांचे उदाहरण पाहावे. २०१० च्या ग्वांगझौ आशियाई स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायमध्ये त्यांनी कांस्यपदक मिळविले. १९८६ नंतर आशियाई स्पर्धेत भारताला मिळालेले ते जलतरणाचे पहिलेच पदक. जाकार्ता येथे २०१८ मध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलचे कांस्यपदक मात्र ०.०१ सेकंदाने हुकले. एवढे अंतर पोहणाऱ्याच्या अंगाला जाणवत नाही. ते यंत्रालाच कळते.

काउन्सिलमन प्रमुख प्रशिक्षक असताना मॉन्ट्रियल येथे १९७६ मध्ये अमेरिकन पुरुषांनी तेरांपैकी बारा शर्यती जिंकल्या. गमावलेली एकमेव शर्यत २०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकची, म्हणजे प्रशिक्षकाच्या स्वतःच्या प्रकारातली. ती ब्रिटनच्या डेव्हिड विल्की यांनी जिंकली. त्यानंतर तीन वर्षांनी, वयाच्या ५८ व्या वर्षी, काउन्सिलमन स्वतः पुन्हा पाण्यात उतरले आणि इंग्लिश खाडी पोहून गेले.