खाडीचा निळा, समुद्राचा निळा

वडखळ सोडून नागोठण्याच्या दिशेनं निघालं की गडब लागतं. शेतांपलीकडे धरमतरची खाडी. बांधावर उभं राहून पाहिलं तर पायाशी पाणी मातकट असतं, काठाचा गाळही दिसतो. नजर लांब जाते तसतसं तेच पाणी निळं होत जातं आणि सूर्य कलला की आरशासारखं लखलखतं. पाणी एकच, बदलतो तो नजरेचा कोन. सरळ खाली पाहिलं तर पृष्ठभागावरून जेमतेम 2 टक्के प्रकाश परततो, पाण्याला घासून जाणाऱ्या नजरेला मात्र जवळजवळ सगळाच. लांबचा तो निळा आभाळाचा आहे, खाडीनं फक्त परत केलेला.

मग भर समुद्राचा निळा कोणाचा? आभाळ निळं का, हे ज्यांनी उलगडलं त्या लॉर्ड रॅले यांनी 1910 मध्ये याचंही उत्तर देऊन टाकलं होतं: तेही आभाळाचं प्रतिबिंबच. रॅले यांच्यासारखा माणूस बोलला म्हटल्यावर पुन्हा तपासायचं कोणी!

तपासण्याचं साधन तर शंभर वर्षं जुनं होतं. 1808 मध्ये पॅरिसमध्ये एत्येन मालूस आइसलंडच्या स्फटिकातून लक्झेंबर्ग राजवाड्याच्या खिडक्यांवरून येणारं मावळतीचं ऊन पाहत होते. स्फटिकातून दोन प्रतिमा दिसतात. तो फिरवला तसतशी एक मंद आणि दुसरी तेजस्वी होत गेली. पृष्ठभागावरून परतलेल्या प्रकाशाची कंपनं एकाच दिशेला झुकलेली असतात, हे त्यातून पुढे आलं. 1815 मध्ये डेव्हिड ब्रूस्टर यांनी कोनाचा नियम दिला. पाण्यासाठी तो कोन लंबापासून सुमारे 53 अंश. या कोनातून, योग्य दिशेला धरलेल्या निकोल लोलकातून पाहिलं, की पाण्यावरची चकाकी पुसली जाते.

सप्टेंबर 1921. कलकत्ता विद्यापीठातले 32 वर्षांचे प्राध्यापक सी. व्ही. रामन ऑक्सफर्डची परिषद आटोपून 'नारकुंडा' या बोटीनं परत येत होते. सामानात निकोल लोलक होता. भूमध्य समुद्राच्या निळाईनं ते भारावले, हे आपण शाळेत वाचतो. भारावलेले प्रवासी बोटीवर आणखीही असतील. रामन यांनी वेगळं काय केलं, तर लोलकातून पाहून आभाळाचं प्रतिबिंब वजा केलं. रॅले बरोबर असते तर निळा रंग जायला हवा होता. तो गेला नाही, उलट अधिक गहिरा दिसला. म्हणजे तो पाण्याच्या आतूनच येत होता.

कलकत्त्याला पोचेपर्यंतही त्यांना धीर नव्हता. 'नेचर'ला लिहिलेल्या पत्रावर पत्ता आहे: नारकुंडा बोट, मुंबई बंदर, 26 सप्टेंबर. आभाळात हवेचे रेणू प्रकाश विखुरतात तसे समुद्रात पाण्याचे रेणू विखुरतात, असं त्यांचं म्हणणं. त्याच वाटेनं पुढे 28 फेब्रुवारी 1928 आला, मग 1930 चं नोबेल. आज एक दुरुस्ती जोडावी लागते: पाणी स्वतःच तांबडा प्रकाश शोषतं आणि समुद्राच्या निळाईत त्याचा वाटा मोठा आहे. रामन यांनी सगळं श्रेय विखुरण्याला दिलं, ते जास्तच झालं. प्रतिबिंबाविरुद्धचा पुरावा मात्र तसाच उभा आहे.

गंमत त्या पत्त्यात आहे. रेवस आणि करंजा यांच्या मधून धरमतरची खाडी मिळते ती याच बंदराच्या पाण्याला, आणि तेही गढूळच. निळं दिसलं तर ते आभाळच. म्हणजे रॅले चुकले ते खोल समुद्रात. इथे ते बरोबर आहेत. खात्री करायला निकोल लोलक लागत नाही. पोलराइज्ड गॉगल घालून, स्वच्छ दुपारी, बांधावरून फार लांब नाही आणि अगदी पायाशीही नाही अशा पाण्याकडे पाहावं. निळा विरतो आणि खाली खाडीचा खरा रंग दिसतो, मातीचा.