टॅग व्यवस्थापकाचे विस्तारक

संकेतस्थळावरील मोजणी, जाहिरात वा चॅटसाठीचे कोडचे छोटे तुकडे म्हणजे टॅग. ते एकाच ठिकाणाहून हाताळणाऱ्या प्रणालीला, म्हणजे टॅग व्यवस्थापकाला, नवी क्षमता देणारा जोडभाग म्हणजे विस्तारक. गूगल टॅग मॅनेजर २०१२ मध्ये आला. ॲडोबीची विस्तारकांवरच उभारलेली ‘लाँच’ प्रणाली २०१८ मध्ये खुली झाली.

ॲडोबीच्या पद्धतीत विस्तारकाचा कणा असते एक्स्टेन्शन.जेसन ही फाइल. नाव, आवृत्ती आणि घटकांची ओळख तीत असते. घटना, अट, कृती आणि डेटा-घटक हे मुख्य घटकप्रकार. निफाड तालुक्यातील ओझरच्या एखाद्या द्राक्ष निर्यातदाराच्या संकेतस्थळाचे उदाहरण घेऊ: चौकशी अर्ज भरला ही घटना, पान इंग्रजी आहे का ही अट, नोंद पाठवणे ही कृती, द्राक्षाचा वाण हा डेटा-घटक. प्रत्येक घटकाचे जावास्क्रिप्ट मॉड्यूल पाहुण्याच्या ब्राउझरमध्ये चालते. सेटिंगचा पडदा मात्र वेगळे एचटीएमएल पान असून व्यवस्थापकाच्या पडद्यावर आयफ्रेममध्ये उघडतो. भरलेली माहिती तपासणे आणि ती जेसन रूपात परत देणे हे त्याचे काम. नवशिके नेमके इथेच अडखळतात. तयार विस्तारक झिप करून चढवतात. तो आधी विकास अवस्थेत, मग खासगी वापरात जातो. सार्वजनिक करण्यासाठी ॲडोबीकडे अर्ज करावा लागतो.

गूगलकडे विस्तारकाचे काम सानुकूल टेम्प्लेट (२०१९) करते; त्यात बंदिस्त जावास्क्रिप्ट असते आणि प्रत्येक परवानगी आधी जाहीर करावी लागते. सुरक्षिततेच्या दृष्टीने ही पद्धत सरस आहे. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संमतीला मध्यवर्ती स्थान असल्याने विस्तारकात संमतीची तपासणी सुरुवातीपासूनच असावी.