उकिरड्याचा भाव

शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. १९६८ ते १९८३ या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं इथं उत्खनन केलं. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर, झेड. डी. अन्सारी ही त्यातली मोठी नावं. जमिनीखाली सापडली ती इ.स.पू. १६०० ते ७०० या काळातली शेतकऱ्यांची वस्ती. शंभराहून जास्त घरं, चुली, धान्याची पेवं, घराच्या जमिनीखाली मडक्यांत पुरलेली लहान मुलं.

उत्खनन म्हटलं की डोळ्यांसमोर सोन्याचा हंडा येतो. प्रत्यक्षात पुरातत्त्ववाले बहुतेक वेळ लोकांचा कचराच निवडत बसतात. फुटकी खापरं, राख, जळके दाणे, चघळून टाकलेली हाडं. इनामगावची माणसं जव पिकवत होती, गहू आणि कडधान्यं खात होती, हे कळलं ते जळून कोळसा झालेल्या दाण्यांवरून. ती गाईबैल पाळत आणि हरणांची शिकारही करत, हे कळलं हाडांवरून. शेवटच्या तीनशे वर्षांत या गावाची परिस्थिती खालावली. ऐसपैस चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या आल्या. ढवळीकरांनी त्याचा संबंध पाऊस कमी होण्याशी जोडला. त्यावर अभ्यासकांचे वाद आहेत, पण वाद घालायला पुरावा मिळाला तोही बराचसा या टाकाऊ वस्तूंतूनच.

या कचऱ्यात एक गोष्ट ठळक दिसते. गारगोटीसारख्या दगडाची छोटी पाती भरपूर आहेत, तांबं मात्र थोडं. दगड जवळपास मिळायचा, पातं बोथट झालं की टाकून नवं काढायचं. तांबं लांबून यायचं, म्हणून ते सहजासहजी कुणी टाकत नसे. म्हणजे काय टाकायचं आणि काय जपायचं, हा हिशोब तेव्हाही भावाचाच होता. ‘आपले पूर्वज निसर्गाचे पूजक होते म्हणून कचरा करत नव्हते’ असा मेसेज तुमच्याही फॅमिली ग्रुपवर येत असेल. मला तो फारसा पटत नाही.

पुढच्या काळातला गावगाडा बघा. घरामागचा उकिरडा ही घाण टाकायची जागा असली, तरी ती कुटुंबाची ठेवही होती. शेण, राख, गोठ्यातला केर, भाजीची देठं वर्षभर तिथं साठत आणि पावसाळ्याआधी बैलगाडीतून शेतात जात. उकिरड्याचंही दैव बारा वर्षांनी पालटतं अशी म्हण आहे. शेतकऱ्याच्या घरी ते दर वर्षी पालटत होतं. आजीचं नऊवारी लुगडं विरलं की त्याची गोधडी व्हायची. गोधडी फाटली की पोतेरं. बरे कपडे बोहारणीकडे जायचे आणि बदल्यात पातेलं यायचं. त्या सौद्यात तासभर घासाघीस चालायची. डालड्याच्या रिकाम्या डब्यात तुळस लागायची. भांडी घासायला चुलीतली राख आणि नारळाचा काथ्या. यातलं काहीही ‘रिसायकलिंग’ या नावानं कुणी केलं नाही. वस्तू महाग होती आणि माणसाचा वेळ, त्यातही बाईचा वेळ, फुकट धरलेला होता.

आणि एक गोष्ट या गोड आठवणींत हमखास गाळली जाते. गावात कचरा दिसत नव्हता, कारण तो उचलण्याचं काम जातीनं ठरवून दिलेलं होतं. मेलेलं जनावर ओढून न्यायचं ते महारांनी, आणि मोबदल्यात पदरी पडायची ती हेटाळणी. कोरेगाव भीमा याच शिरूर तालुक्यात. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच्याजवळच्या विजयस्तंभापाशी आले, आणि त्याच वर्षी मार्चमध्ये महाडच्या परिषदेत त्यांनी मृत जनावराचं मांस खाणं सोडा असं सांगितलं. पुढं गावोगावच्या महारांनी ढोरं ओढायचंही थांबवलं आणि त्यापायी अनेक ठिकाणी बहिष्कार सोसला. जुन्या गावाला ‘झिरो वेस्ट’ म्हणताना ही किंमत कुणी मोजली ते विसरता येत नाही.

शहरात ही वाटणी मोडली नाही, तिनं फक्त पत्ता बदलला. १९७२च्या दुष्काळात गाव सोडून पुण्याला आलेल्या कुटुंबांतल्या अनेक बाया कचरा वेचू लागल्या. त्यांत दलित बायांची संख्या मोठी. १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, डॉ. बाबा आढाव तिच्यासोबत होते. आम्ही भिकारी नाही, आम्ही कष्टकरी आहोत, हे त्या बायांनी महापालिकेला मान्य करायला लावलं, ओळखपत्रं मिळवली. २००८ पासून ‘स्वच्छ’ ही त्यांची सहकारी संस्था पुण्यात दारोदार कचरा गोळा करते. ओला आणि सुका वेगळा ठेवायचा नियम आपल्याला कटकट वाटतो. पण दोन्ही एकाच पिशवीत भरलं की सडक्या आमटीत हात घालून बाटली शोधायला कुणाला तरी लागतंच.

आता दौंड. घोड नदी शिरूरवरून येऊन दौंडच्या अलीकडे भीमेला मिळते. कालव्याच्या पाण्यावर इथं ऊस वाढला, आणि केडगावच्या परिसरात गुऱ्हाळं. कचरा न करण्याचा खरा धडा पाहायचा तर तो जुन्या गुऱ्हाळात. रस काढून उरलेलं चिपाड वाळवायचं, तेच चुलवणात घालायचं, त्याच आचेवर काहिलीतला रस आटवायचा. वरची मळी बाजूला काढायची, राख शेतात टाकायची. उसाचाच गूळ आणि उसाचंच सरपण.

गेल्या काही वर्षांत दौंड तालुक्यातल्या गुऱ्हाळांबद्दल वेगळ्याच बातम्या येत राहिल्या आहेत. चुलवणात प्लॅस्टिक, रबर, जुने टायर जाळले जातात, काळा धूर गावावर पसरतो, लोक तक्रारी करतात, कारवाई होते, आणि पुन्हा तेच. कारण सरळ आहे. चिपाड कमी पडतं, लाकूड महाग, आणि प्लॅस्टिकचा भंगार माल स्वस्त. हा माल येतो कुठून? ज्या प्लॅस्टिकला भंगारवाल्याकडे भाव नाही, ते कुठं तरी जायलाच हवं. वेफर्सचं चकचकीत पाकीट, शाम्पूची पुडी, गुटख्याची पुडी यांत प्लॅस्टिकचे आणि धातूचे पातळ थर एकमेकांना चिकटलेले असतात. ते वेगळे करणं परवडत नाही. इनामगावचं दगडी पातं टाकलं तर मातीत दगड परत गेला. ही पुडी मात्र जाळली तर हवेत जाते आणि टाकली तर ओढ्यातून घोड, भीमा करत उजनीत.

महाराष्ट्रानं २३ मार्च २०१८ रोजी प्लॅस्टिकबंदीची अधिसूचना काढली. तेव्हा दुधाच्या रिकाम्या पिशवीला ५० पैसे परत द्यायची योजना होती. ती काही घराघरांत रुजली नाही. पण दुधाची पिशवी एकाच जातीच्या, स्वच्छ प्लॅस्टिकची असते, आणि भंगारात तिला आजही भाव आहे. म्हणून शिरूर असो की दौंड, कितीतरी स्वयंपाकघरांत ती अजून कोपऱ्यातून कापली जाते, कापलेला तुकडा पिशवीलाच राहील अशा बेतानं. मग ती विसळून ओट्याच्या टाइल्सवर पालथी चिकटवतात. वाळली की तांदळाच्या रिकाम्या गोणीत जाते. गोणी भरली की भंगारवाल्याची हाक येईपर्यंत ती दारामागं उभी असते, आणि किलोला दोन रुपये जास्त मिळावेत म्हणून घासाघीस तशीच चालते, बोहारणीशी चालायची तशी. शेजारी कचऱ्याच्या डब्यात वेफर्सची पाकिटं पडलेली असतात. ती कुणी विसळत नाही.