आलिशान एसयूव्ही खरेदी करताना ‘कर्ब वेट’ का पाहावे?

नवी दिल्ली : कॅनॉट प्लेसच्या बाह्य वर्तुळापासून इंडिया गेटच्या दिशेने जाणारा कस्तुरबा गांधी मार्ग हा राजधानीतील एक प्रमुख रस्ता. पूर्वी तो कर्झन रोड या नावाने ओळखला जात असे. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी रचलेली ब्रिटिश कौन्सिलची इमारत याच मार्गावर असून, २०१३ साली उद्घाटन झालेले नवे महाराष्ट्र सदनही येथेच आहे. अवजड, आलिशान एसयूव्ही गाड्यांची वर्दळ या परिसरात नित्याची झाली आहे.

अशा गाड्यांना कायद्याने आजवर निरनिराळी मापे लावली. १६ डिसेंबर २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली व राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात २००० सीसी वा त्याहून अधिक क्षमतेच्या डिझेल एसयूव्ही व मोटारींच्या नोंदणीस मनाई केली. ती १२ ऑगस्ट २०१६ रोजी, शोरूम किमतीच्या एक टक्का पर्यावरण शुल्काच्या अटीवर उठविण्यात आली. या आदेशाचे माप इंजिनाच्या क्षमतेचे होते. वस्तू व सेवा करासाठी एसयूव्हीची व्याख्या करताना लांबी, इंजिन क्षमता आणि जमिनीपासूनची उंची पाहिली जाते. ही उंची गाडी रिकामी असताना मोजावी, असे जुलै २०२३ मध्ये जीएसटी परिषदेने स्पष्ट केले. मात्र ब्रेक, टायर, इंधनखर्च आणि अपघाताची तीव्रता ज्यावर थेट अवलंबून असते, त्या वजनाकडे ग्राहकाचे सहसा लक्ष जात नाही.

कर्ब वेट म्हणजे काय?

‘कर्ब’ म्हणजे पदपथाची कड. रस्त्याच्या कडेला, निघण्यास सज्ज अशा स्थितीत उभ्या असलेल्या रिकाम्या गाडीचे वजन म्हणजे कर्ब वेट. त्यात इंजिन ऑइल, कूलंट, ब्रेक ऑइल, इंधन, स्टेपनी व हत्यारे धरली जातात. प्रवासी आणि सामान धरले जात नाही.

मात्र हे वजन मोजण्याची रीत सर्वत्र एकसारखी नाही. आयएसओ ११७६ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार इंधनाची टाकी किमान ९० टक्के भरलेली असावी लागते. युरोपीय नियमांत याखेरीज चालकाचे ७५ किलो वजनही मिळविले जाते. अमेरिकेत टाकी पूर्ण भरलेली धरतात. काही माहितीपत्रकांत द्रवपदार्थांविना असलेले ‘ड्राय वेट’ दिलेले असते. ८० लिटर डिझेलचे वजनच सुमारे ६६ किलो भरते. त्यामुळे परदेशी बनावटीच्या दोन गाड्यांची तुलना करताना आकडा कोणत्या रीतीने काढलेला आहे, हे आधी विचारणे आवश्यक ठरते.

भारतात मोटार वाहन कायदा, १९८८ मध्ये ‘अनलेडन वेट’, म्हणजे रिकाम्या वाहनाचे वजन, अशी संज्ञा आहे. नेहमीच्या वापरातील सर्व साधनांसह, परंतु चालक वा मदतनीस वगळून असलेले हे वजन होय. ते नोंदणी प्रमाणपत्रावर, म्हणजेच आरसीवर नमूद असते. ‘ग्रॉस व्हेइकल वेट’ ही दुसरी संज्ञा असून, तिचा अर्थ वाहन आणि त्यावरील भार मिळून अनुज्ञेय असलेले कमाल वजन असा आहे.

सात आसने, पण भार किती?

या दोन आकड्यांतील फरक म्हणजे गाडीची प्रत्यक्ष वाहनक्षमता. उदाहरणार्थ, एखाद्या सात आसनी एसयूव्हीचे कर्ब वेट २५०० किलो आणि कमाल अनुज्ञेय वजन ३२०० किलो असल्यास ७०० किलो भाराची मुभा उरते. प्रत्येकी ७५ किलो वजनाची सात माणसे बसल्यावर ५२५ किलो खर्ची पडतात आणि सामानासाठी केवळ १७५ किलो राहतात. टपावरील कॅरिअर, लोखंडी गार्ड, वाढीव ध्वनियंत्रणा अशा नंतर बसविलेल्या वस्तूंचे वजनही यातूनच वजा होते.

उंची आवृत्तीत काचेचे छत, विजेवर हलणारी आसने, मोठी चाके अशा सोयी असल्याने तिचे कर्ब वेट मूळ आवृत्तीपेक्षा बहुधा अधिक असते. कमाल अनुज्ञेय वजन तेच राहिल्यास महाग गाडीची वाहनक्षमता स्वस्त आवृत्तीपेक्षा कमी भरते. म्हणून आकडा निवडलेल्या आवृत्तीचाच मागावा.

टायर बदलतानाही हाच हिशेब लागू पडतो. टायरवरील भारनिर्देशांक १०० असल्यास तो ८०० किलो पेलतो. ११० असल्यास १०६० किलो. वरील उदाहरणातील गाडीस १०० निर्देशांकाचे चार टायर लावल्यास त्यांची एकत्रित क्षमता नेमकी ३२०० किलो होते. प्रत्यक्षात भार चारही चाकांवर समान पडत नसल्याने असे टायर अपुरे ठरतात.

सुरक्षिततेची दुसरी बाजू

जड गाडी सुरक्षित, अशी सर्वसाधारण समजूत आहे. दोन गाड्यांच्या धडकेत जड गाडीच्या वेगात कमी बदल होतो आणि तिच्यातील प्रवाशांना तुलनेने कमी धक्का बसतो, हे खरे आहे. मात्र तोच धक्का हलक्या गाडीतील प्रवाशांच्या वाट्याला अधिक येतो. ताशी ७२ किलोमीटर वेगाने धावणाऱ्या १२५० किलोच्या मोटारीची गतिज ऊर्जा २५० किलोज्यूल असते, तर त्याच वेगातील २५०० किलोच्या एसयूव्हीची ५०० किलोज्यूल. ही सर्व ऊर्जा ब्रेकना शोषून घ्यावी लागते. घाटाच्या लांब उतारावर, भरलेल्या गाडीत, याचा प्रत्यय येतो. वेग निम्म्यावर आणल्यास ऊर्जा मात्र एक चतुर्थांश होते. अवजड गाडीच्या चालकाने वेगाबाबत अधिक दक्ष राहणे म्हणूनच गरजेचे आहे.

१ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या ‘भारत एनकॅप’ चाचणीची व्याप्ती ३.५ टनांपर्यंत कमाल वजनाच्या प्रवासी वाहनांपुरती आहे. समोरून धडकेच्या चाचणीतील तारांकनाची तुलना साधारण सारख्या वजनाच्या गाड्यांतच करावी, असे जाणकार सांगतात.

विजेवरील गाड्या आणि बदलते नियम

बॅटरीमुळे विजेवरील एसयूव्ही त्याच आकाराच्या पेट्रोल गाडीपेक्षा जड असते. अमेरिकेतील हमर ईव्ही या गाडीचे वजन चार टनांहून अधिक असून, त्यापैकी सुमारे १३०० किलो केवळ बॅटरीचे आहेत. तेथील राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या अध्यक्ष जेनिफर होमेंडी यांनी जानेवारी २०२३ मध्ये अशा वाढत्या वजनाच्या धोक्याकडे लक्ष वेधले होते.

फ्रान्समध्ये २०२२ पासून १८०० किलोंवरील मोटारींवर वजनावर आधारित अधिभार लागू झाला. २०२४ मध्ये ही मर्यादा १६०० किलोंवर आणण्यात आली. पॅरिसमध्ये फेब्रुवारी २०२४ मधील जनमत चाचणीनंतर, बाहेरून येणाऱ्या जड मोटारींसाठी वाहनतळ शुल्क १ ऑक्टोबर २०२४ पासून तिप्पट करण्यात आले.

भारतात वजनाचा विचार इंधन कार्यक्षमतेच्या ‘कॅफे’ निकषांत होतो. हे निकष कंपनीने विकलेल्या सर्व मोटारींच्या सरासरी कर्ब वेटशी जोडलेले आहेत. २०२२-२३ पासूनच्या दुसऱ्या टप्प्यात ११४५ किलो सरासरी वजनास प्रति किलोमीटर ११३ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड अशी मर्यादा ठरविण्यात आली. वजन वाढल्यास मर्यादाही काहीशी सैल होते.

वाहन परवान्याच्या बाबतीत मात्र फरक नाही. हलक्या मोटार वाहनाची मर्यादा ७५०० किलो असल्याने छोटी मोटार आणि अडीच टनांची एसयूव्ही एकाच परवान्यावर चालविता येते.

खरेदीपूर्वी काय तपासावे?

निवडलेल्या आवृत्तीचे कर्ब वेट व कमाल अनुज्ञेय वजन लेखी घ्यावे. आकड्यात चालक आणि इंधन धरले आहे का, याची खात्री करावी. कुटुंबातील माणसे व नेहमीचे सामान यांची बेरीज करून वाहनक्षमतेशी ताडून पाहावी. चाचणी फेरी शक्यतो सर्व आसने भरून घ्यावी आणि मोकळ्या, सुरक्षित जागी ब्रेक आजमावावेत. इमारतीत यांत्रिक वाहनतळ असल्यास तेथील फलकावरील वजनमर्यादा वाचावी. गाडी ताब्यात आल्यावर आरसीवरील आकडा या आकड्यांशी जुळतो की नाही, हेही पाहून घ्यावे.