घरचा स्टुडिओ : सुटा फ्लॅश की स्टुडिओ स्ट्रोब?

बाळाचा पहिला वाढदिवस, आजी-आजोबांचे एकत्र छायाचित्र किंवा घरगुती उद्योगातील वस्तूंची विक्रीसाठी छायाचित्रे, अशा कामांसाठी घरातील एखादी खोली मोकळी करून तिचा स्टुडिओ करणारे हौशी छायाचित्रकार आता कमी नाहीत. कॅमेरा घेतल्यावर पुढचा प्रश्न उभा राहतो तो प्रकाशाचा. कॅमेऱ्यावर बसणारा सुटा फ्लॅश घ्यावा, की स्टँडवरचा मोठा स्ट्रोब? निवड चुकली तर महागडे साहित्य कपाटात पडून राहते.

दोहोंचे तत्त्व एकच आहे. कपॅसिटरमध्ये साठवलेली वीज झेनॉन वायूच्या नळीतून क्षणार्धात सोडली जाते. अमेरिकेतील ‘एमआयटी’चे हॅरल्ड एजर्टन यांनी १९३० च्या दशकात हे तंत्र छायाचित्रणासाठी विकसित केले. फरक आहे तो शक्तीत आणि वीजपुरवठ्यात. चार पेन्सिल सेलवर चालणारा मोठा फ्लॅश साधारण ६० वॉट-सेकंद ऊर्जा देतो. घरगुती वापराचे स्ट्रोब बहुधा २०० ते ४०० वॉट-सेकंदांचे असतात.

शक्तीचा हिशेब

३०० वॉट-सेकंदांचा स्ट्रोब फ्लॅशच्या पाचपट शक्तीचा, हे ऐकून ग्राहक भारावतो. प्रत्यक्षात हा फरक दोन स्टॉपांहून थोडाच अधिक आहे. आयएसओ १०० वरून ४०० वर नेला तरी दोन स्टॉप मिळतात आणि आजच्या कॅमेऱ्यांत त्याने दर्जा फारसा घसरत नाही.

फ्लॅशच्या खोक्यावर छापलेला गाइड नंबर बहुधा सर्वांत लांब झूमचा असतो, हेही लक्षात ठेवावे. समजा, प्रत्यक्ष वापरात तो ४० आहे. त्याला अंतराने भागले की अॅपर्चर मिळते. अडीच मीटरवर ते एफ/१६ येते. छत्रीमुळे सुमारे दोन स्टॉप प्रकाश घटला तरी एफ/८ उरते. एका-दोघांच्या छायाचित्राला हे पुरेसे आहे. दिवा दुप्पट दूर नेल्यास मात्र प्रकाश चौथाईवर येतो, म्हणून मोठ्या कौटुंबिक समूहासाठी स्ट्रोबची ताकद उपयोगी पडते.

लहान खोलीतील अडचण

लहान खोलीत जादा शक्ती उलट अडचणीची ठरते. पार्श्वभूमी धूसर ठेवण्यासाठी एफ/२ सारखे अॅपर्चर हवे असेल, तर प्रकाश अगदी मंद करावा लागतो. अनेक फ्लॅश १/१२८ शक्तीपर्यंत खाली येतात, तर साधे स्ट्रोब १/३२ वर थांबतात. शिवाय फ्लॅशचे डोके पांढऱ्या छताकडे वळवले की छतच मोठा, मऊ प्रकाशस्रोत होते. छत रंगीत असेल तर तोच रंग चेहऱ्यावर उतरतो.

स्ट्रोबची बाजू

स्ट्रोबमधील मॉडेलिंग लॅम्पमुळे सावली कोठे पडेल, हे छायाचित्र घेण्याआधीच दिसते. शिकणाऱ्यासाठी हा मोठा लाभ आहे. पूर्ण शक्तीवर तो लवकर पुन्हा सज्ज होतो. फ्लॅशला काही सेकंद थांबावे लागते आणि सलग वापराने तो तापतो. दिवसभर वस्तूंची छायाचित्रे घेणाऱ्यास स्ट्रोबच सोयीचा. मात्र साधा स्ट्रोब विजेच्या जोडणीला बांधलेला असतो. बॅटरीवरचे २०० वॉट-सेकंदांचे दिवे हा मधला मार्ग असला, तरी त्यांची किंमत अधिक असते.

खरेदीपूर्वी

जुना फ्लॅश किंवा स्ट्रोब घेताना त्याचे ट्रिगर व्होल्टेज तपासावे. काही जुन्या दिव्यांत ते २०० व्होल्टहून अधिक असते व डिजिटल कॅमेऱ्याचे नुकसान करू शकते. रेडिओ ट्रिगर वापरल्यास हा धोका कॅमेऱ्यापर्यंत पोहोचत नाही. बंद दिव्याच्या कपॅसिटरमध्येही घातक वीज शिल्लक राहू शकते, त्यामुळे तो घरी उघडू नये. लहान मुले वावरत असतील तर स्टँडच्या पायावर वाळूची पिशवी ठेवावी.

नवशिक्याने मॅन्युअल नियंत्रणाचा एक फ्लॅश, रेडिओ ट्रिगर, स्टँड, पांढरी छत्री आणि निकेल मेटल हायड्राइड सेलचे दोन संच घ्यावेत. समूहचित्रे किंवा नियमित व्यावसायिक काम सुरू झाल्यावर स्ट्रोबचा विचार करावा. तेव्हाही पहिला फ्लॅश वाया जात नाही. पार्श्वभूमी उजळण्याच्या कामी तो येतोच.