१९७१ चा मार्शल थंडरिंग हर्ड फुटबॉल संघ

१९७१ चा मार्शल थंडरिंग हर्ड फुटबॉल संघ हा अमेरिकेच्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यातील हंटिंग्टन येथील मार्शल विद्यापीठाचा अमेरिकन फुटबॉल संघ होता. १४ नोव्हेंबर १९७० रोजी झालेल्या विमान अपघातात विद्यापीठाने आपला जवळजवळ संपूर्ण संघ आणि बहुतेक प्रशिक्षक गमावले. त्यानंतर दहा महिन्यांत उभा राहिलेला हा संघ नवे मुख्य प्रशिक्षक जॅक लेंग्येल यांच्या मार्गदर्शनाखाली खेळला. त्याने १० पैकी २ सामने जिंकले. आगामी हंगामाविषयी एरवी किती विजय मिळतील याची चर्चा होते. १९७१ च्या उन्हाळ्यात मार्शलपुढे मैदानात उतरण्याजोगा संघ उभा राहील का, हाच प्रश्न होता.

खेळाचे स्वरूप

अमेरिकन फुटबॉल हा भारतात फुटबॉल या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खेळाहून वेगळा आहे. अमेरिकेत भारतातील फुटबॉलला सॉकर म्हणतात. अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू लंबगोल असतो आणि तो मुख्यतः हाताने वाहून नेला किंवा फेकला जातो. प्रत्येक बाजूचे ११ खेळाडू एका वेळी मैदानात असतात. परंतु आक्रमण आणि बचाव यांसाठी सहसा वेगवेगळे गट असतात. शिवाय दुखापती वारंवार होत असल्यामुळे राखीव खेळाडू मोठ्या संख्येने बाळगावे लागतात. महाविद्यालयीन स्तरावर खेळाडूंची निवड, शिष्यवृत्ती आणि अनेक वर्षांचा सराव यांतून संघ घडतो. त्यामुळे काही महिन्यांत नवा संघ उभा करणे सामान्यतः अशक्यप्राय मानले जाते.

पार्श्वभूमी

अपघातापूर्वीही मार्शलची स्थिती चांगली नव्हती. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात संघाला सलग २७ सामन्यांत एकही विजय मिळाला नव्हता. ही मालिका १९६९ मध्ये संपली. खेळाडूंच्या भरतीतील नियमभंगामुळे त्याच वर्षी मिड-अमेरिकन कॉन्फरन्सने विद्यापीठाला निलंबित केले. मुख्य प्रशिक्षक रिक टॉली यांच्या मार्गदर्शनाखाली १९७० मध्ये संघ सावरू लागला होता. त्या हंगामात त्याने ३ सामने जिंकले आणि ६ गमावले.

१४ नोव्हेंबर १९७० रोजी नॉर्थ कॅरोलायनातील ग्रीनव्हिल येथे ईस्ट कॅरोलायना विद्यापीठाविरुद्ध मार्शलचा १७–१४ असा पराभव झाला. परतीच्या प्रवासात संघाचे भाड्याचे डीसी-९ विमान हंटिंग्टनच्या विमानतळाजवळ पाऊस आणि धुक्यात खाली उतरत असताना धावपट्टीच्या अलीकडील टेकडीवर कोसळले. विमानातील सर्व ७५ जण मृत्युमुखी पडले. त्यांत ३७ खेळाडू होते. मुख्य प्रशिक्षक टॉली व त्यांचे सहकारी, क्रीडा विभागाचे पदाधिकारी, संघाचे २५ पाठीराखे आणि विमानाचे कर्मचारी यांचाही समावेश होता. पाठीराख्यांमध्ये शहरातील अनेक प्रतिष्ठित नागरिक होते. त्यामुळे ही हानी विद्यापीठापुरती मर्यादित राहिली नाही. सुमारे ७० मुलांनी आई किंवा वडील गमावले आणि त्यांपैकी १८ मुले दोघांनाही मुकली. ओळख न पटलेल्या ६ खेळाडूंचे दफन शहरातील स्प्रिंग हिल दफनभूमीत करण्यात आले.

फुटबॉल बंद करावा, असाही विचार त्यानंतर पुढे आला. मात्र प्रभारी अध्यक्ष डोनाल्ड डेडमन यांच्या काळात विद्यापीठाने संघ चालू ठेवण्याचा निर्णय घेतला.

प्रशिक्षकांची निवड

मुख्य प्रशिक्षकपद स्वीकारण्यास योग्य व्यक्ती मिळणे कठीण गेले. जॉर्जिया टेकचे सहायक प्रशिक्षक डिक बेस्टविक यांनी ते स्वीकारले, परंतु काही दिवसांतच सोडले. अखेर मार्च १९७१ मध्ये ओहायोतील वूस्टर महाविद्यालयाचे प्रशिक्षक जॅक लेंग्येल यांची नियुक्ती झाली. आदल्या हंगामातील सहायक प्रशिक्षक रेड डॉसन अपघाताच्या दिवशी मोटारीने प्रवास करत असल्यामुळे वाचले होते. १९७१ च्या हंगामापुरते ते लेंग्येल यांच्यासोबत राहिले आणि नंतर त्यांनी प्रशिक्षण सोडले.

संघबांधणी

नव्या संघात मुख्यतः तीन प्रकारचे खेळाडू होते. पहिला गट १९७० च्या मुख्य संघातील मोजक्या खेळाडूंचा होता. दुखापत किंवा अन्य कारणामुळे ते विमानात नव्हते. बचाव फळीतील नेट रफिन हे त्यांपैकी सर्वांत परिचित होते आणि त्यांनी नव्या संघाचे नेतृत्व केले.

दुसरा गट १९७० मध्ये प्रथम वर्षात शिकणाऱ्या खेळाडूंचा होता. राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडा संघटनेच्या तत्कालीन नियमानुसार प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांना मुख्य संघातून खेळता येत नसे. त्यामुळे ते ग्रीनव्हिलला गेले नव्हते. १९७१ मध्ये द्वितीय वर्षात येताच संघाचा मुख्य भार त्यांच्यावर पडला. क्वार्टरबॅक रेगी ऑलिव्हर याच गटातील होते.

तिसरा गट १९७१ मध्ये नव्याने प्रवेश घेतलेल्यांचा होता. ज्या नियमामुळे आदल्या वर्षीच्या नवोदितांचे प्राण वाचले होते, तोच नियम आता संघाच्या आड येत होता. मार्शलच्या विनंतीवरून क्रीडा संघटनेने त्यातून विशेष सवलत दिली. प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांना सर्वत्र खेळण्याची मुभा १९७२ मध्ये मिळाली. याखेरीज विद्यापीठातील अन्य खेळांचे खेळाडूही संघात घेण्यात आले. या संघाला ‘यंग थंडरिंग हर्ड’ म्हणजे ‘तरुण थंडरिंग हर्ड’ असे संबोधले जाई.

खेळपद्धती

अनुभवी आणि वजनदार खेळाडू नसल्यामुळे केवळ शारीरिक बळावर आधारलेले आक्रमण या संघाला झेपणारे नव्हते. म्हणून लेंग्येल यांनी ‘व्हियर’ ही पद्धत स्वीकारली. बिल येओमन यांनी १९६० च्या दशकात ह्यूस्टन विद्यापीठात ती विकसित केली होती. या पद्धतीत प्रतिस्पर्ध्याच्या एका बचावपटूला मुद्दाम न अडवता मोकळे सोडले जाते. तो कोणत्या दिशेने झेपावतो हे पाहून चेंडू सहकाऱ्याकडे द्यायचा, स्वतः धावायचे की बाजूच्या खेळाडूकडे टाकायचा, हे क्वार्टरबॅक क्षणार्धात ठरवतो. चपळाईला महत्त्व असल्यामुळे लहान चणीच्या संघालाही ती उपयोगी पडते. चूक झाल्यास मात्र चेंडू सहज हातचा जातो आणि हा धोका नवख्या खेळाडूंच्या बाबतीत अधिक असतो. त्या वेळी वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाचे प्रशिक्षक असलेले बॉबी बाउडन यांनी ही पद्धत अभ्यासण्यास मार्शलच्या प्रशिक्षकांना साहाय्य केले. दोन्ही विद्यापीठे एकाच राज्यातील असल्याने हे साहाय्य विशेष उल्लेखनीय ठरते.

हंगाम

हंगामाबद्दलच्या अपेक्षा माफक होत्या, तर वेळापत्रक सोपे नव्हते. प्रतिस्पर्ध्यांमध्ये त्या काळात सलग ३५ सामने जिंकणाऱ्या टोलेडो संघाचा समावेश होता. १८ सप्टेंबर १९७१ रोजी केंटकीतील मोरहेड स्टेट विद्यापीठाविरुद्धच्या पहिल्या सामन्यात मार्शलचा २९–६ असा पराभव झाला.

२५ सप्टेंबर रोजी हंटिंग्टनच्या फेअरफिल्ड स्टेडियमवर झेवियर विद्यापीठाशी सामना झाला. अपघातानंतरचा घरच्या मैदानावरील हा पहिलाच सामना होता. अखेरच्या क्षणी मार्शल १३–९ असा मागे होता. शेवटच्या चालीत ऑलिव्हर यांनी टेरी गार्डनर यांच्याकडे चेंडू फेकला आणि गार्डनर यांनी १३ यार्डांचे अंतर कापून टचडाउन केला. मार्शलने सामना १५–१३ असा जिंकला.

हा विजय पुढील यशाची नांदी ठरला नाही. त्यानंतरच्या सामन्यात ओहायोतील मायामी विद्यापीठाने मार्शलला ६६–६ असे पराभूत केले. ३० ऑक्टोबर रोजी बोलिंग ग्रीनवर १२–१० असा दुसरा विजय मिळाला. उरलेले सर्व सामने मार्शलने गमावले.

परिणाम आणि वारसा

केवळ आकडे पाहिले तर १९७१ चा हंगाम अपयशाचा दिसतो. लेंग्येल यांच्या १९७१ ते १९७४ या चार हंगामांत मार्शलने ९ सामने जिंकले आणि ३३ गमावले. पराभवापेक्षा विजय अधिक असलेला हंगाम १९८४ पर्यंत आला नाही. मात्र संघ टिकून राहिला. १९९२ आणि १९९६ मध्ये मार्शलने आपल्या विभागाचे राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. याउलट, फेअरफिल्डवर पराभूत झालेल्या झेवियर विद्यापीठाने १९७३ च्या हंगामानंतर आपला फुटबॉल संघ बंद केला.

विद्यापीठाच्या आवारात शिल्पकार हॅरी बर्टोया यांनी घडवलेले स्मारक-कारंजे नोव्हेंबर १९७२ मध्ये अर्पण करण्यात आले. दरवर्षी १४ नोव्हेंबर रोजी होणाऱ्या स्मरणसमारंभात मृतांना आदरांजली वाहून कारंज्याचे पाणी बंद केले जाते आणि वसंत ऋतूत ते पुन्हा सुरू होते. या घटनाक्रमावर आधारित ‘वी आर मार्शल’ हा चित्रपट २००६ मध्ये प्रदर्शित झाला. त्यात लेंग्येल यांची भूमिका मॅथ्यू मॅककॉनहे यांनी केली आहे.